गाव नसलेली एसटी

विमलबाई नव्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्या. नाव काय, गाव कोणतं, कोणाचे तुम्ही. हे प्रश्न आमच्याकडे सगळेच विचारतात. एसटीत शेजारी बसलेला माणूस कंडक्टर तिकिटाला यायच्या आत विचारतो आणि उत्तर ऐकता ऐकता पुडीतले शेंगदाणे पुढे करतो. बाई काही पुढे करत नसत. ‘बरं’ म्हणायच्या आणि मिळालेलं उत्तर खरं आहे का, याचा पुढे कितीतरी दिवस शोध घेत राहायच्या.

मी कंधारहून लातूरच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून आलो तेव्हा त्या सातवीला शिकवत होत्या. पहिल्याच दिवशी ग्रंथालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. किडकिडीत बांधा, चष्म्याला काळी दोरी, पदर खांद्यावर पिनेनं घट्ट केलेला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“कंधारात किल्ल्याच्या कोणत्या अंगाला घर?”

मी तेही सांगितलं.

“कोणाचे तुम्ही?”

वडील पोस्टात होते, असं मी म्हणालो. “बरं,” म्हणून त्या गेल्या. नंतर एका दुपारी पुन्हा आल्या आणि या वेळी आत येऊन खुर्चीवर बसल्या.

“वडील पोस्टातच होते तुमचे. खरं सांगितलंत.”

“तुम्हाला कोणी सांगितलं, बाई?”

“कंधारच्या गाडीच्या कंडक्टरला पुसलं. त्यानं त्याच्या सासऱ्याला पुसलं.”

मला राग आला होता. पण त्याच बैठकीत त्यांनी वाचायला कादंबरी मागितली आणि चौथ्या दिवशी अर्धवट वाचून परत आणली. म्हणाल्या, “ह्यातला डॉक्टर खोटा आहे.” मी म्हणालो, “ते शेवटी कळतं, बाई.” “मला सुरुवातीलाच कळलं. मग बाकीचं कशाला वाचू?” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘लायब्ररी’ झालो. काय लायब्ररी, चहा घ्यायचा का? लायब्ररी, तो नवा पी.टी.चा सर कुठला म्हणून सांगून राहिला? असं आमचं चालायचं.

हा स्वभाव जन्माचा होता की भूकंपाने दिलेला, हे मला ठरवता आलं नाही. भूकंप झाला तेव्हा बाई औसा तालुक्यातल्या आपल्याच गावच्या शाळेत शिकवत होत्या. शाळा पडली, गाव पडलं. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. मग रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. दूध पावडर आली, घोंगड्या आल्या, कुठल्या कुठल्या शहरांतले जुने कोट आले. गाड्यांबरोबर माणसंही आली. बहुतेक चांगली होती. पण लेकरांना कडेवर घेऊन फोटो काढणारी होती, आणि ‘हे लेकरू आम्ही नेतो, सांभाळतो’ म्हणणारीही होती. बाईंनी लेकरांच्या शेडच्या तोंडाशी एक मोडकं बाकडं टाकलं आणि तिथे बसून येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली.

एक माणूस एका लहान मुलीचा मामा म्हणून आला होता. नाव सांगितलं, गाव सांगितलं. कोणाचे, म्हटल्यावर अडखळला. मुलीच्या आईचं माहेरचं नाव बाईंनी विचारलं, ते त्याला सांगता येईना. तो रडला, चिडला, कागद घेऊन येतो म्हणाला आणि परत आला नाही. मुलगी पुढे दूरच्या एका आश्रमशाळेत गेली.

ही गोष्ट बाईंनी मला एकदाच सांगितली. “चोर असंल तर लेकरू वाचलं,” त्या म्हणाल्या. “खराच मामा असंल तर?”

“खरा असता तर परत आला असता, बाई.”

“तुम्ही नव्हता तिथं. मला माझ्या आईचं नाव आठवत नव्हतं त्या दिवसांत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

पुढे लातूरचं रूप पालटलं. दहावी-बारावीच्या निकालांमुळे गावोगावची मुलं इकडे येऊ लागली. गल्लीगल्लीत क्लास, मेस, खोल्या. विजेच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गुणवंतांचे फोटो. मोठ्यांपाठोपाठ धाकटीही आली. सहावी-सातवीच्या मुलांना ‘फाउंडेशन’ नावाच्या क्लासला घालायची पद्धत पडली. आमच्या शाळेनंही मुलींचं वसतिगृह काढलं आणि बाईंना त्याची रेक्टर केलं. निवड बरोबर होती. फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक काका-मामा-आत्याला बाई तीन प्रश्न विचारत. एका मुलीच्या सख्ख्या वडिलांना त्यांनी अर्धा तास उन्हात उभं केलं होतं, कारण त्यांनी दाढी काढली होती आणि अर्जावरच्या फोटोत ती होती. ते गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं.

मुलींना संध्याकाळी क्लासला न्यायला रिक्षा लागली, तेव्हा बाईंनी कितीतरी रिक्षावाल्यांना परत पाठवलं. शेवटी दिगंबर मिळाला. तो बाईंच्याच गावचा. त्याच्या बापाने भूकंपानंतर शेडपर्यंत डोक्यावरून पाणी वाहिलेलं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं बाईंना न विचारताच माहीत होती. त्यांनी कोणावर इतका भरवसा ठेवलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. मुली त्याला दिगूकाका म्हणत.

अशात एके दिवशी बिट्टू आला. एक संस्था शाळाशाळांतून मुलांच्या सुरक्षिततेचे कार्यक्रम करायची. त्यांनी रिमोटवर चालणारा रोबो करून घेतला होता, आणि त्याला रूप दिलं होतं एसटीचं. गुडघ्याहून थोडी उंच, लाल-पिवळी बस. समोरच्या काचेच्या जागी दोन मोठे डोळे. ते मिटायचे, उघडायचे, लाजायचे. बस जणू आपोआप मैदानावर फिरायची, हॉर्न द्यायची, मुलांशी बोलायची. पाटीच्या जागी ‘सुरक्षित बालपण’ असं लिहिलं होतं. मुली सतरंजीवर बसल्या होत्या आणि हसून हसून एकमेकींवर पडत होत्या.

बाई उठून थेट बससमोर उभ्या राहिल्या.

“नाव काय?”

“मी बिट्टू,” बस म्हणाली.

“गाव कोणतं?”

बसचे डोळे दोनदा मिटले. “मी सगळ्या मुलांच्या गावचा.”

“डेपो कोणता?” मुली पुन्हा हसल्या. बाई हसल्या नाहीत. “कोणाचा तू?”

“मी तुमचा मित्र.”

बाई माझ्याकडे वळल्या. “लायब्ररी, ह्याला गाव नाही. आणि हे लेकरांना मित्र म्हणून राहिलं.”

मग त्यांनी शोध सुरू केला. बसच्या आत माणूस मावत नव्हता, म्हणजे तो बाहेर कुठेतरी असणार. पाण्याच्या टाकीमागे कानाला हेडफोन, तोंडाशी माइक लावून, हातात रिमोट घेऊन एक तरुण उभा होता. बाईंनी त्याला दंडाला धरून मैदानात आणलं.

“नाव?”

“नितीन.”

“गाव?”

“देगलूर. नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, बाई.”

“कोणाचा?”

“वडिलांचं किराणा दुकान हाय.”

“बरं. इथं खुर्चीवर बस. सगळ्यांना दिसशील असा.”

संस्थेच्या मॅडम पुण्याच्या होत्या, मृदू बोलणाऱ्या. म्हणाल्या, “बाई, बिट्टू स्वतःच बोलतोय असं मुलांना वाटायला हवं. माणूस दिसला की जादू जाते.”

“जाऊ द्या. ऐकणारा माणूस कोण, ते लेकरांना दिसलं पाहिजे.”

“पण मग मुलं मोकळेपणानं बोलत नाहीत.”

“का बोलायला पाहिजे? अनोळखी माणसाशी बोलू नका म्हणून तुम्हीच शिकवायला आलात ना?”

नितीन खुर्चीवर बसला. त्याचे कान लाल झाले होते. बस पुन्हा सुरू झाली. रस्ता कसा ओलांडायचा, कोणी खाऊ देऊन बोलावलं तर काय करायचं, नको वाटणारा स्पर्श झाला तर कोणाला सांगायचं, असं सगळं बसने विचारलं आणि मुलींनी ओरडून उत्तरं दिली. सुरुवातीला त्या नितीनकडे वळून वळून पाहत होत्या. थोड्या वेळाने सगळ्यांच्या माना बसकडे लागल्या.

शेवटी, ज्यांना बिट्टूशी एकट्याने बोलायचं असेल त्यांनी खिडकीपाशी यावं, असं मॅडमनी सांगितलं. खिडकीत माइक होता. मुलगी बोलेल ते फक्त नितीनच्या हेडफोनमध्ये ऐकू जाणार होतं. कोणाची मैत्रीण कट्टी होती, कोणाला गणित नको होतं. बाई नितीनच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्याच्या चेहऱ्यावर पाळत ठेवत होत्या. सातवीतली वैष्णवी खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ वाकून राहिली. तिचं झालं तसा नितीनने हेडफोन काढला, मॅडमना बाजूला बोलावलं आणि दोघं बोलत राहिले.

शाळेत शांत खोली एकच होती, ग्रंथालयाची. म्हणून मॅडम, मुख्याध्यापक आणि बाई तिथे आले. मी उठायला लागलो तर बाई म्हणाल्या, “बसा लायब्ररी.” मॅडमनी सांगितलं ते असं. दिगूकाका सगळ्यांना उतरवून वैष्णवीला रिक्षातच थांबवतात, पुढच्या सीटवर आपल्याजवळ बसवतात. तिला ते नको असतं. ते म्हणतात, हे आपल्यातच ठेवायचं. आणखीही काही होतं, ते मी इथे लिहीत नाही.

बाई ताडकन उठल्या. “खोटं आहे. तुमच्या त्या पोरानं तिच्या तोंडी घातलं. दिगंबरला मी लहानपणापासून ओळखते. त्याचा बाप कोण ते ठाऊक आहे का तुम्हाला?”

“मुलीला विचारून पाहू,” मॅडम म्हणाल्या. “हळूच. तिला घाबरवायचं नाही.”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, “प्रवेशाचे दिवस आहेत. जरा सबुरीनं घेऊ या.”

वैष्णवी आली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, ती टोकावर बसली. बाईंनी आवाज लहान करून विचारलं, “माय, मला का नाही सांगितलं?”

वैष्णवीने बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“सांग. मी रागावत नाही.”

“तुम्ही समद्यांला वळखता, बाई. दिगूकाका तुमच्या गावचे हाईत.”

“म्हणून त्या बसला सांगितलं? ते यंत्र आहे ग. तो देगलूरचा पोरगा ऐकून राहिला होता.”

“मला दिसत व्हता की त्यो. तुम्हीच बसविला समोर.” “पर त्याला हितं कोण वळखतंय? सांजच्याला निघून जातंय ते. दिगूकाकाला जाऊन सांगणार न्हाई.”

बाई माझ्या टेबलाला टेकल्या. इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून, फाटकावर नजर ठेवून उभी राहिलेली ती बाई मला तेव्हा एकदम म्हातारी दिसली. मग त्या वैष्णवीपाशी जाऊन खाली बसल्या, सरळ फरशीवर, आणि म्हणाल्या, “मी नाही सांगणार त्याला. मी तुझं ऐकलंय.”

संध्याकाळी नेहमीच्या वेळी रिक्षा फाटकाशी आली. बाई बाहेर गेल्या. मुलींना त्यांनी आतच ठेवलं होतं. मी आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात होतो. बाईंनी दिगंबरच्या समोर उभं राहून विचारलं, “नाव काय?”

तो हसला. “बाई, काय चेष्टा करलालाव?”

“गाव कोणतं?”

“बाई...”

“कोणाचा तू?”

“तुमाला म्हाईत न्हाई व्हय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आजपासून माहीत नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि ते जाताना पाहून मला वैष्णवीच्या बोलण्याबद्दल उरलीसुरली शंका राहिली नाही. त्याने रिक्षा वळवली. बाई तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. मुख्याध्यापकांनी ‘आधी संस्थाचालकांशी बोलू’ म्हणून आवाज दिला, तर मागे वळून न बघता म्हणाल्या, “तुम्ही बोलत बसा.” मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या: “लायब्ररी, मी इतकी वर्षं नुसतं अनोळखी माणसालाच तपासलं.”

पुढे आणखी मुली बोलल्या. खटला चालला, दिगंबरला शिक्षा झाली. तोवर बाईंचं गाव त्यांना तुटलं. गावातली चार माणसं वसतिगृहावर आली होती. त्यांतले एक बाईंचे चुलते होते. “विमल, आपला माणूस हाय त्यो. त्याच्या बापानं पाणी पाजलंय तुला.”

“पाजलंय,” बाई म्हणाल्या. “बापाचं पाणी मी विसरले नाही, काका.”

“मग मागं घे.”

“नाही.”

चुलते जागचे उठले आणि चहा न घेता गेले. त्यानंतर गावच्या लग्नाची पत्रिका बाईंना आली नाही. चुलते वारले तेही त्यांना औशाच्या बाजारात कळलं, परक्या माणसाकडून.

फाटकावरचे तीन प्रश्न त्यांनी सोडले नाहीत, पण चौथा आला. तो पाहुण्याला नसायचा. पाहुण्याला फाटकापाशी थांबवून त्या आत यायच्या, मुलीला ग्रंथालयात घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “तुला ह्यांच्यासंगं जायचंय का? नसंल तर मान हलव, मी बघते काय सांगायचं ते.” सख्खे आईबाप आले तरी हा प्रश्न व्हायचा. पालक चिडायचे. बाई म्हणायच्या, “तुम्ही खरे आहात हे मला माहीत आहे. खऱ्या माणसाचाच विचार करून राहिले मी.”

बिट्टू दरवर्षी येऊ लागला. नितीन यायचा तो थेट खुर्ची उचलून मधोमध ठेवायचा आणि बाईंकडे बघायचा. “बसलो बघा बाई, दिसतोय न्हवं?” त्या म्हणायच्या, “दिसतोस. तोंडात तंबाखू आहे का?” त्यांचा त्याच्यावर पुरता विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. देगलूरला किराणा दुकान आहे की नाही, हे त्यांनी तोवर कोणा कंडक्टरकडून काढलेलं होतं.

त्या निवृत्त व्हायच्या आधीचा कार्यक्रम मला आठवतो. मुली जेवायला गेल्या होत्या. मैदान रिकामं होतं. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिलं, तर बाई बसच्या खिडकीपाशी वाकून काहीतरी बोलत होत्या. गुडघ्यावर हात, चष्मा दोरीला लोंबकळत. पलीकडे खुर्चीवर नितीन मान खाली घालून बसला होता. त्याच्या कानाला हेडफोन होता की नव्हता, हे झाडाच्या सावलीत मला दिसलं नाही. बाई बराच वेळ बोलल्या. मग सरळ झाल्या, पदर नीट केला आणि जेवायला गेल्या.

मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्या सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजार लहानच होता. डॉक्टरांवर विश्वास नसल्यामुळे वाढला. अंत्यविधीला गावाकडचं कोणी आलं नाही. वसतिगृहातल्या जुन्या मुली आल्या होत्या, कोणी नर्स, कोणी शिक्षिका, एक पोलिसात. वैष्णवीही आली. स्मशानातल्या व्यवस्थेच्या माणसाने तिला विचारलं, “तुम्ही कोणाच्या?” तिला पटकन उत्तर देता आलं नाही. मीच म्हणालो, “आमच्या आहेत.”

नितीन नांदेडहून आला होता. आता त्याचेही केस विरळ झाले आहेत. दुपारी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो आणि न राहवून मी त्याला विचारलं, त्या दिवशी बाई खिडकीत काय बोलल्या?

“हेडफोन काढून ठेवला होता मी, सर,” तो म्हणाला. “त्या वाकल्या तसा काढला.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या फलाटाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्याने काहीच ऐकलं नाही त्याच्या डोळ्यांत येईल त्याहून ते जास्त आहे, असं मला वाटलं. शेडच्या तोंडाशी उभा राहिलेला, कदाचित खराच असलेला तो मामा माझ्या मनात आला. बाई असत्या तर त्यांनी नितीनला सोडलं नसतं. उलटसुलट विचारून, देगलूरच्या कंडक्टरला गाठून, खरं काय ते काढलंच असतं. त्यांच्याकडून मला मिळालेली शंका माझ्या जिभेवर येऊन थांबली होती.

गाडी लागली. पुढे नांदेडची पाटी होती. मी नितीनला “बरं” म्हणालो आणि त्याची पिशवी वर चढवून दिली.